सदर जागा

आमच्या कॉलनीत कुणालाही कसलाही अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे येतो. मी तहसील कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं 'सदर', 'उपरोक्त' आणि 'उचित कार्यवाहीस्तव' यांच्या सहवासात गेली. इकडे घरीदारी सगळे अहिराणी बोलतात. छापील मराठी शाळेत आणि कचेरीतच लागते, त्यामुळे ती ज्याला लिहिता येते त्याचा जरा दरारा असतो. मलाही तो आवडायचा, खोटं कशाला बोलू? आमचे हे मला 'सदर बाई' म्हणतात. "सदर बाईंकडून चहाबाबत उचित कार्यवाही होईल काय?" मी चिडते आणि चहा टाकते.

कॉलनी गावाच्या पूर्वेच्या टोकाला आहे. सगळी बैठी घरं. शिक्षक, बँकवाले, एसटीतले, मुलांच्या शाळेसाठी तापीकाठचं गाव सोडून आलेले शेतकरी आणि दोन मारवाडी दुकानदार. शेवटचं घर जिजीचं, त्याच्या अलीकडचं आमचं. ती मुळात कुणाची जिजी, हे आता कुणी विचारत नाही, सगळी कॉलनी तिला जिजीच म्हणते. पंचाहत्तरीची बाई, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. दिवाळी सरली की सकाळी ती मागच्या ओट्यावर खाट टाकते, लुगडं गुडघ्यापर्यंत सारते आणि दहा वाजेपर्यंत पाय उन्हात ठेवून बसते. गोळ्यांवर तिचा विश्वास नाही, उन्हावर आहे. ते ऊन घेतलं की ती दिवसभर चालू शकते, नाही मिळालं तर भिंत धरून मोरीपर्यंत जाणंही तिला जड जातं. हे मी रोज डोळ्यांनी बघत आले आहे.

त्या ओट्यासमोर पूर्वी मिरचीची पथारी होती. म्हणजे मोठं उघडं मैदान, त्यावर हंगामात ओली लाल मिरची पसरून वाळवायची. ट्रॅक्टर येऊन ढीग टाकत, मजूर बायका तोंडाला फडकं बांधून दिवसभर देठ खुडत. आमच्या जिल्ह्यात हे काही नवलाचं नाही. लांबून बघायला छान, पण वारा आमच्याकडे फिरला की अख्ख्या कॉलनीला ठसका लागायचा. आमच्या ह्यांना दमा. हिवाळाभर ते खिडक्या लावून, तोंडावर ओला रुमाल धरून बसायचे. नंदुरबारला दाखवलं, चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात दाखवलं, सगळ्यांनी एकच सांगितलं की धुळीपासून लांब राहा. लांब कुठे राहणार? घर काही बैलगाडीत घालून नेता येत नाही.

म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी मी अर्ज लिहिला. पथारी इथून हलवावी, असा. लिहून झाला, वाचला, आणि मला तो लंगडा वाटला. नोकरीला लागले तेव्हा एका जुन्या साहेबांनी शिकवलं होतं की नुसती तक्रार लिहिली तर ती फायलीत पडून राहते, शेवटी ठोस मागणी पाहिजे. पथारी हलवा ही मागणी मला पुरेशी वजनदार वाटेना. शेतजमिनीवर शेतमाल वाळवायला बंदी कोण करणार? पण तीच जागा राहण्याच्या घरांसाठी ठरली, तर पथारीला हक्कच उरणार नाही, असा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मग मी शेवटी लिहिलं: 'तरी सदर जागा शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करण्याबाबत उचित कार्यवाही व्हावी, ही विनंती.' लिहून झाल्यावर मी ते वाक्य स्वतःशी दोनदा मोठ्याने म्हटलं. इतकी मी खूश होते.

सह्यांसाठी घरोघर फिरले. एकानेही तो कागद वाचला नाही. जिजीपुढे ठेवला तेव्हा मी म्हटलं, आधी वाचून दाखवते. ती म्हणाली, "वाचानं काय त्यामा? तुन्हं लिखेल शे ना? आन इकडे." आणि तिने तिची ती तिरकी, अक्षर अक्षर सुटी असलेली सही केली.

वर्षा-दीड वर्षात पथारी बायपासच्या पलीकडे गेली. माझ्या अर्जामुळे गेली की व्यापाऱ्यालाच मोठी जागा मिळाली होती, कोण जाणे. कॉलनीने मात्र श्रेय मला दिलं. देठ खुडणाऱ्या बायकांना आता दुप्पट चालावं लागतं, हे मला एका बाईने बाजारात सांगितलं. मी तेव्हा फक्त 'हो का' म्हटलं. ह्यांचा खोकला कमी झाला होता आणि मला दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता पालिकेची सूचना निघाली. आमचे कॉलनीचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी वर्तमानपत्रातलं कात्रण आणलं आणि ओपन स्पेसमधल्या शेडखाली सगळ्यांना बोलावून वाचून दाखवलं. पथारीची ती सगळी जमीन शेती विभागातून काढून रहिवास विभागात घ्यायचं चाललं होतं. ज्याने जमीन घेतली होती तो तिथे सात मजली इमारती बांधणार होता. त्यातल्या एका इमारतीचा नकाशा तर कुणीतरी मोबाईलवरच आणला होता. ती जिजीच्या ओट्यासमोरच उभी राहणार होती. ज्यांची हरकत असेल त्यांनी महिन्याच्या आत लेखी द्यावी, मग सुनावणी होईल. मी मान हलवत ऐकत होते. आणि मग अध्यक्षांनी पुढची ओळ वाचली: 'स्थानिक रहिवाशांनी केलेली लेखी विनंती विचारात घेता.'

ही विनंती कुणाची, हे त्या शेडखाली मला एकटीलाच कळलं.

"कोन शे तो मुडदा, आमना नाववर इनंती करनारा?" जिजी खुर्चीतून ओरडली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणी म्हणालं, बिल्डरने खोट्या सह्या केल्या असतील. कुणी म्हणालं, आपल्यातलाच कुणीतरी फितूर आहे. चार-दोन नावं कुजबुजलीसुद्धा गेली, बिचाऱ्या निर्दोष माणसांची. मी पदराने चष्मा पुसत बसले. तो स्वच्छच होता.

घरी येऊन मी लोखंडी कपाट उघडलं. मी लिहिलेल्या प्रत्येक अर्जाची स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडे ठेवायची नक्कल, माझ्याकडे असते. जन्माची सवय. ती प्रत निघाली. खाली पन्नासेक सह्या, आणि वर ते माझं लाडकं वाक्य. फाडून टाकावं असं वाटलं. पण मी फाडून काय होणार होतं? मूळ कागद पालिकेत होता. शिवाय सांगायला हसू येतं, पण स्थळप्रत फाडायला माझा हातच धजेना. मी ती परत फायलीत लावली आणि कपाटाला कुलूप घातलं. आमच्या कपाटाला तोवर कधी कुलूप नव्हतं.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सांगून टाक ना सगळ्यांना. चूक झाली म्हणावं." पुरुषांना सगळं सोपं वाटतं. मी त्यांच्यावरच खेकसले, की हे सगळं तुमच्या खोकल्यापायी झालं. त्यांचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली.

त्यानंतरचा महिना कसा गेला, मला विचारू नका. फाटकाची कडी वाजली की वाटायचं, कळलं. कुणी रस्त्यात दुसरीकडे बघत गेलं की वाटायचं, ह्यालाही कळलं. मला भीती घराची किंवा दंडाची नव्हती. दंड कोण करणार होतं? भीती एकाच गोष्टीची होती. ही सगळी माणसं माझं अक्षर बघून डोळे मिटून सही करायची. आयुष्यभर कचेरीत मला कुणी विचारलं नाही, साहेब सांगत आणि मी टाइप करत असे. ह्या चाळीस घरांत मात्र माझ्या शब्दाला किंमत होती. ती एकदा गेली असती तर माझ्याकडे ह्या गावात काय उरणार होतं, ते मला दिसत नव्हतं.

आणि हरकतीचा अर्ज लिहायला ते कुणाकडे आले असतील? माझ्याकडेच.

शेडखाली बैठक झाली. प्रत्येकाने आपापली हरकत सांगितली. नळाला आत्ताच तीन दिवसांनी पाणी येतं, एवढी घरं वाढल्यावर काय येणार? गटार तुंबलेलं असतं. वरच्या मजल्यावरून लोक आपल्या अंगणात बघतील. मग एकजण आवाज खाली आणून म्हणाला, "कुठले कुठले लोक येतील, मॅडम, वरून डोंगरातून. ते पण लिहा जरा गोल करून." मला एकदम राग आला. मी म्हटलं, "आपण कुठले मग? ह्या कॉलनीच्या जागी ज्वारी होती. आपण आलो तेव्हा कुणी हरकत घेतली होती का?" तो चपापला. मीही चपापले, कारण ज्याच्या पायाखाली सुरुंग आहे त्याने इतकं जोरात बोलू नये. पण ते मी लिहिलं नाही ते नाहीच.

अध्यक्षांना हवं होतं, 'सदर विनंती बनावट असून रहिवाशांनी केलेली नाही' असं वाक्य. मी पेन घेऊन बसले आणि ते वाक्य माझ्याकडून उतरेना. ह्या हाताने पूर्वी वेड्यासारखं लिहिलं होतं, पण खोटं लिहिलं नव्हतं. शेवटी लिहिलं: 'सदर विनंतीमागील मूळ हेतू विचारात घेण्यात यावा.' ह्याचा अर्थ काय, ते लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. अध्यक्षांनी नुसती नजर फिरवली आणि "वा, एकदम कायदेशीर" म्हणाले.

तो कागद फिरला आणि पुन्हा तेच. धडाधड सह्या. मी अक्षरशः ओरडले, "अहो, वाचा ना एकदा!" सगळे हसले. जिजी म्हणाली, "हाई आज काय नवं करी ऱ्हायनी?" आणि सही करून कागद माझ्या हातात दिला.

सुनावणीची तारीख आली. जुन्या अर्जाची प्रत तिथे निघणार, हे मला कचेरीचा अनुभव असल्यामुळे पक्कं माहीत होतं. इतर कुणाला त्याची कल्पनाही नव्हती. आदल्या दिवशी सकाळी मी जिजीच्या मागच्या ओट्यावर गेले. थंडी पडायला लागली होती. ती खाटेवर पाय पसरून बसली होती. पिंढऱ्यांवरच्या निळ्या शिरा, सुजलेले गुडघे, सगळ्यांवर ऊन. मी खालीच बसले.

"जिजी, ती इनंती मीच लिखेल व्हती."

"कोन्ती?"

मी सांगितलं. पथारी, ह्यांचा खोकला, साहेबांची शिकवण, ठोस मागणी. बोलताना मला कळत होतं की मी माफीचा अर्ज करावा तशी कारणं देते आहे, एकामागून एक. ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिने समोरच्या मोकळ्या मैदानाकडे बघितलं. तिथे आता बाभळी उगवल्या होत्या आणि चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या.

"मन्हा पायवरनं ऊन तू लिखी दिन्हं?" ती म्हणाली.

मी मान खाली घातली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने लुगडं खाली ओढलं, भिंत धरून उठली आणि आत गेली. ऊन अजून बरंच बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही पालिकेच्या सभागृहात जमलो. जिजी मुलाच्या रिक्षातून आली आणि नेमकी माझ्याच बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. अधिकारी बाहेरगावचे होते, वयाने तरुण, बोलायला सौम्य. त्यांना यायला उशीर झाला होता. ते म्हणाले, "माफ करा, तुम्हाला थांबावं लागलं," आणि आमच्या लोकांनी एका सुरात उत्तर दिलं, "काही हरकत नाही, साहेब!" मग काय बोललो ते कळून सगळे हसले. अधिकारीही हसले. मला हसू आलं नाही.

अध्यक्षांनी पाणी, गटार, रस्ता सगळं मांडलं. अधिकारी लिहून घेत होते. अध्यक्षांनी विनंती बनावट असल्याचं तोंडी सांगितलंच. तेव्हा अधिकाऱ्यांनी फायलीतून एक कागद काढला. मी तो लांबूनही ओळखला. समास सोडण्याची माझी पद्धत वेगळी आहे.

त्यांनी शेवटचं वाक्य वाचलं. मग सह्या करणाऱ्यांची नावं वाचायला लागले आणि चौथ्या-पाचव्या नावाशी थांबले. ते म्हणाले, "ह्या सह्या तुमच्याच आहेत ना? हे बघा, मी स्पष्ट विचारतो. मजकूर वाचून, समजून सह्या केल्या होत्या का? केल्या नसतील, लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाने काही घातलं असेल, तर तसं सांगा. मी नोंद घेतो. मग ही विनंती तुमची होती असं धरता येणार नाही."

एवढी सोपी वाट होती. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलण्यासारखं एकच माणूस तिथे होतं, आणि ती मी. मी रात्रंदिवस मनाशी घोकलं होतं, की उभी राहीन आणि सांगेन, साहेब, हे माझं आहे, ह्यांचं नाही. अध्यक्ष अर्धवट उठले, "साहेब, खरं सांगायचं म्हणजे..." म्हणाले आणि हळूच वळून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना समजलं होतं. त्यांच्या पाठोपाठ एकेक मान वळली. मी बाकाच्या कडेला हात टेकला, उठायला.

त्या हाताच्या मनगटावर जिजीचा हात पडला. बसल्या जागेवरून ती मोठ्याने म्हणाली, "आमले मालूम व्हतं, साहेब. आम्हीच सांगं तसं लिखाले. आम्ही काय अडानी शेत का, न वाचता सही कराले?"

अध्यक्ष खाली बसले. जिजी बोलल्यावर तिला कोण खोटं पाडणार? आणि चारचौघांत, साहेबापुढे, आम्ही न वाचता सह्या करतो असं कोण कबूल करणार? शिक्षक, बँकवाले, सगळे छताकडे बघत राहिले. अधिकाऱ्यांनी क्षणभर वाट पाहिली, मग मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. ती रिक्षात चढताना म्हणाली, "सगळासमोर तुले एकटी पाडी देवाले मी काय परकी शे? पन आते काही दिवस मन्हासंगे बोलू नको." ती खरंच महिनाभर बोलली नाही. मग एके दिवशी वाटीभर शेव घेऊन आली आणि जसं काही घडलंच नाही तशी बोलायला लागली.

फेरबदल मंजूर झाला. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकून झाला आहे. ह्या हिवाळ्यात जिजीच्या ओट्यावर साडेनऊपर्यंत सावली असते. ती खाट सरकवत सरकवत कोपऱ्यात नेते, तिथे एक पट्टा मिळतो, तोही फार दिवस मिळणार नाही. कॉलनीत मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. अजूनही अर्ज लिहायला येतात. ह्यांना वाटतं, मी सुटले.

लोक आपसांत म्हणतात की जिजीने मॅडमला धरून ठेवलं, नाही तर मॅडम उठल्याच होत्या. ते ऐकलं की मी स्वयंपाकघरात निघून जाते. तिने माझं मनगट धरलं होतं हे खरं. पण ती पंचाहत्तरीची, भिंत धरून चालणारी बाई. तिच्या हातात जोर असा कितीसा होता? एक हिसका पुरला असता. मी बसून राहिले.